पुडीवरचा इशारा

बुऱ्हाणपूरहून असीरगडाकडे निघालेला रस्ता निंबोला गावावरून जातो. तेथे माझी एक मावसबहीण राहते. वयाने ती माझ्याहून बरीच मोठी असल्यामुळे आम्ही सर्व भावंडे तिला ताई म्हणतो. घरात मराठी, शेजारात निमाडी आणि बाजारात हिंदी असा तिचा तीन भाषांचा संसार आहे. गेल्या हिवाळ्यात तिचा मुलगा कॅलिफोर्नियाहून बायको आणि दोन वर्षांच्या मुलीसह महिनाभर येऊन गेला. नातीच्या खिचडीसाठी म्हणून सुनेने सामानातून हळदीची एक पुडी आणली होती. मंडळी परत गेली आणि अर्धी उरलेली ती पुडी फडताळात राहिली.

मी गेलो तेव्हा ताईने ती पुडी काढून माझ्यासमोर ठेवली आणि तिच्याशेजारी गावातल्या किराणा दुकानातून आणलेली दुसरी पुडी ठेवली. दोन्ही पुड्यांतली हळद भारतातच पिकलेली आणि भारतातच दळलेली. परंतु पहिल्या पुडीच्या पाठीवर एका चौकटीत इंग्रजीत इशारा छापलेला होता. या पदार्थाच्या सेवनाने शरीरात शिसे जाण्याचा संभव आहे, आणि शिशाने कर्करोग व गर्भाला व्यंग होते हे कॅलिफोर्निया राज्यास ठाऊक आहे, असा त्याचा आशय. दुसऱ्या पुडीवर असे एक अक्षरही नव्हते. मी वाचून दाखवले. ताई क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "नातीला महिनाभर हीच घातली की रे! आता सांग, यांतली कोणती टाकू?"

प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र मला तेथे बसल्याबसल्या देता आले नाही. ज्या पुडीने शिशाचे नाव घेतले ती वाईट म्हणावी, तर तिने निदान खरे सांगितले. जी गप्प राहिली ती चांगली म्हणावी, तर गप्प राहणे हा निर्दोषपणाचा पुरावा कधीपासून झाला? आज आपणांपुढे बोलताना मी त्या प्रश्नाचाच मागोवा घेणार आहे. खाण्याच्या वस्तूवर इशारा लिहिण्याची पाळी माणसावर का आली, तो कोणी लिहिला, आणि तो वाचून आपण काय समजावे, याचा हा इतिहास आहे.

प्रथम त्या परदेशी पुडीचेच पाहू. कॅलिफोर्नियातील मतदारांनी १९८६ च्या नोव्हेंबरात सार्वमताने एक कायदा मंजूर केला. त्याच्या बाजूने सुमारे ६३ टक्के मते पडली. कर्करोग किंवा जननसंस्थेस अपाय करणाऱ्या द्रव्यांची यादी सरकारने जाहीर करावी, आणि ज्यांच्या मालातून ती द्रव्ये ठरावीक मात्रेहून अधिक प्रमाणात माणसापर्यंत पोहोचतात त्या व्यापाऱ्यांनी गिऱ्हाइकाला तशी स्पष्ट सूचना द्यावी, असे त्या कायद्याचे सूत्र आहे. ती यादी आता सुमारे ९०० नावांची झाली आहे. सूचना न देणाऱ्याला प्रत्येक उल्लंघनाबद्दल दररोज २,५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आणि सरकारने हालचाल केली नाही तर लोकहितासाठी कोणीही खाजगी नागरिक दावा लावू शकतो. त्यामुळे पुष्कळ व्यापारी पदार्थ तपासून पाहण्याच्या खर्चापेक्षा इशारा चिकटवून मोकळे होणे पसंत करतात. इशारा असलेल्या प्रत्येक वस्तूत विष आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही. तसेच त्यात किती विष आहे हेही त्या चौकटीत कोठे लिहिलेले नसते.

मात्रेचा हिशेब पाहिला म्हणजे ही गोष्ट अधिक उलगडते. जननसंस्थेस अपाय करणाऱ्या द्रव्यांच्या बाबतीत, ज्या मात्रेने अपाय दिसून येत नाही तिचा हजारावा भाग ही मर्यादा, असा त्या राज्याचा नियम आहे. शिशासाठी ही मर्यादा दिवसाला ०.५ मायक्रोग्रॅम इतकी ठरली. आपल्याकडे २०११ साली अमलात आलेल्या नियमांनी हळदीतील शिशाची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग, म्हणजे एका ग्रॅमला १० मायक्रोग्रॅम, अशी ठेवली. हळदीत या मर्यादेइतके शिसे असेल, तर तिच्या एका ग्रॅमच्या विसाव्या भागातच कॅलिफोर्नियाची दिवसाची मात्रा पुरी होईल. म्हणजे आपल्या कायद्याने निर्दोष ठरवलेल्या हळदीला तिकडे इशाऱ्याची चौकट लागू शकते. ताईच्या फडताळातल्या दोन पुड्यांमध्ये हळदीचा फरक असेलच असे नाही. दोन कायद्यांचा फरक मात्र निश्चित आहे.

पण कायद्याला हळदीच्या पुडीत शिरण्याची गरज तरी का पडावी? याचे उत्तर शोधण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

एके काळी गावात पुडीच नव्हती. हळद शेजारच्या शेतातली, तेल गावच्या तेल्याच्या घाण्याचे, तूप घरच्या म्हशीचे. वाण्याने वाईट माल दिला तर दुसऱ्या दिवशी त्याला त्याच गिऱ्हाइकाचे तोंड पाहावे लागे. तोंडओळख हेच तेव्हाचे लेबल होते. अर्थात त्या काळी सगळे व्यापारी साधू होते असे मानण्याचे कारण नाही. धान्य, तेल, क्षार, मीठ, सुगंधी द्रव्ये आणि औषधे यांत त्याच रंगाची दुसरी हलकी वस्तू मिसळणाऱ्यास १२ पण दंड करावा, असे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सांगितले आहे. 'त्याच रंगाची' ही अट ध्यानात घेण्यासारखी आहे. भेसळीचा धंदा डोळ्यांना फसवूनच चालतो, हे त्या शास्त्रकाराला पुरते ठाऊक होते.

ही तोंडओळख मोडली ती अंतराने. १८७० साली मुंबई आणि कलकत्ता ही शहरे जबलपूरमार्गे लोहमार्गाने जोडली गेली आणि बुऱ्हाणपूर त्या हमरस्त्यावर आले. निमाडच्या बाजारात शेकडो मैलांवरचे डबे आणि पोती उतरू लागली. माल बनवणारा एका प्रांतात, विकणारा दुसऱ्या आणि खाणारा तिसऱ्याच. डब्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसे. माणसाचा शब्द जेथे पोहोचत नाही तेथे छापील शब्द पाठवावा लागतो. लेबलाचा जन्म हा असा दुराव्यातून झाला आहे.

हा दुरावा इंग्लंडने आपल्या आधी अनुभवला. कारखान्यांच्या शहरांत राहणारा मजूर आपले अन्न कोण बनवतो हे जाणत नव्हता. १८२० साली फ्रेडरिक ॲकम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने लंडनमध्ये अन्नातील भेसळ आणि स्वयंपाकघरातील विषे यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. चीजला तांबूस छटा यावी म्हणून वापरलेल्या रंगात शिशाचा शेंदूर कसा आढळला, याची हकीकत त्याने त्यात दिली होती. त्यानंतर दहा वर्षांनी विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने लंडनच्या दुकानांतील मुलांच्या रंगीत मिठाया तपासल्या. त्यांतील काही पिवळ्या मिठायांचा रंग लेड क्रोमेटचा, म्हणजे शिशाच्या एका संयुगाचा, निघाला. १८३१ साली त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात छापून आले. हाच ओशॉनेसी पुढे १८३३ साली कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे त्याने उभारले. तारेचा इतिहास सांगताना आपण त्याचे नाव घेतो. पिवळ्या मिठाईची हकीकत मात्र सहसा सांगितली जात नाही. तो लेड क्रोमेट आपल्याला या भाषणात पुढे पुन्हा भेटणार आहे.

छापून आले म्हणून कायदा झाला नाही. तो होण्यासाठी माणसे मरावी लागली. १८५८ साली ब्रॅडफर्ड या गावी एका मिठाईवाल्याने गोळ्यांत साखरेऐवजी मिसळायची पांढरी भुकटी मागवली. औषधविक्याच्या दुकानातून चुकून सोमल दिला गेला. वीसेक माणसे दगावली आणि दोनशेच्या आसपास आजारी पडली. लबाडीसाठी मागवलेली भुकटी चुकीने विष निघाली. १८६० साली इंग्लंडात भेसळीविरुद्ध पहिला सर्वसाधारण कायदा झाला. तो दुबळा ठरला म्हणून १८७५ साली अधिक कडक कायदा करण्यात आला.

त्याच १८६० साली आपल्याकडे भारतीय दंडसंहिता मंजूर झाली. तिच्या २७२ आणि २७३ या कलमांनी अपायकारक भेसळ हा गुन्हा ठरवला. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परंतु पेच 'अपायकारक' या शब्दात होता. दुधात पाणी घातले तर ते अपायकारक कसे ठरवावे? सावकाश भिनणारे विष त्या पदार्थातूनच आले, हे न्यायालयात कसे सिद्ध करावे? म्हणून पुढे प्रांतांनी आपापले कायदे केले. मध्यप्रांताचा १९१९ सालचा आणि मुंबई इलाख्याचा १९२५ सालचा. बुऱ्हाणपूर मध्यप्रांतात आणि शेजारचे रावेर मुंबई इलाख्यात. रावेरहून निघालेला तुपाचा डबा बुऱ्हाणपुरात उतरला की त्याचा कायदा बदले. तूप मात्र तेच राही.

या तुपाच्या डब्यावरून एक जुना वाद आठवतो, आणि त्यात आपल्या सरकारने योजलेली एक नामी युक्तीही. १९३० नंतरच्या दशकात मुंबईला शिवडी येथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि १९३७ पासून 'डालडा' हे नाव घरोघर गेले. डब्यावर नाव स्वच्छ छापलेले होते. परंतु डबा फोडून ते पांढरे तूप साजूक तुपात मिसळले की लेबल मागे राही आणि भेसळ पुढे जाई. यावर उपाय काय? वनस्पती तुपाला वेगळा रंग द्यावा अशी मागणी झाली, पण टिकाऊ, निरुपद्रवी आणि सहज काढून टाकता न येणारा रंग मिळेना. तेव्हा वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचे तेल घातलेच पाहिजे असा नियम करण्यात आला. तिळाच्या तेलाचा एक गुण असा, की विशिष्ट आम्लाबरोबर परीक्षानळीत हलवले असता ते गुलाबी-लाल रंग दाखवते. साजूक म्हणून विकलेल्या तुपाने तो रंग दाखवला की चोरी उघडी पडे.

मला या युक्तीत मोठा अर्थ दिसतो. कागदाचे लेबल फाडता येते, म्हणून सरकारने पदार्थाच्या पोटातच साक्षीदार बसवला. पण तो साक्षीदार बोलता व्हायला परीक्षानळी, आम्ल आणि प्रामाणिक तपासनीस लागत असे. या तिन्ही गोष्टी खेड्यातल्या गृहिणीजवळ नव्हत्या.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने अन्नभेसळ हा विषय समवर्ती सूचीत घातला. राजकुमारी अमृत कौर आरोग्यमंत्री असताना १९५४ साली साऱ्या देशासाठी एकच अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा संसदेने मंजूर केला आणि १ जून १९५५ पासून तो अमलात आला. रावेर आणि बुऱ्हाणपूर या दोन्ही गावच्या तुपाला प्रथमच एक माप लागले. वेष्टनावर पदार्थाचे नाव, बनवणाऱ्याचे नाव व पत्ता, वजन आणि घटक लिहिण्याचे बंधन त्या कायद्याखालच्या नियमांनी घातले. पिवळ्या मेटॅनिल रंगासारखे अनेक कारखानी रंग बाद ठरवून थोड्याच रंगांना परवानगी राहिली, आणि ते घातल्यास तसे जाहीर करणे आवश्यक झाले. २००६ साली झालेल्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने २०११ च्या ऑगस्टपासून त्या जुन्या कायद्याची जागा घेतली. लेबलाचे तत्त्व मात्र कायम राहिले.

तत्त्व राहिले, आता भाषेचे पाहू. वेष्टनावरचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा; त्याखेरीज अन्य भाषा वापरली तरी चालेल, असा नियम आहे. यातल्या 'किंवा'ने किती माणसे बाहेर ठेवली ते पाहा. नुसत्या इंग्रजीने नियम पाळला जातो. रंगाचे नाव न देता त्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक दिला तरी चालते. ताईच्या घरात नातवंडांसाठी आणलेल्या लेमनच्या गोळ्यांवर बारीक अक्षरांत १०२ आणि ११० असे आकडे होते. हे आकडे म्हणजे टारट्राझीन आणि सनसेट यलो हे दोन कृत्रिम पिवळे रंग. दोन्ही आपल्याकडे ठरावीक मर्यादेत वैध आहेत. परंतु इंग्लंडात साउदॅम्प्टन येथे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानंतर युरोपीय संघाने २० जुलै २०१० पासून सहा कृत्रिम रंगांच्या खाद्यपदार्थांवर, यामुळे मुलांच्या वागण्यावर आणि एकाग्रतेवर अनिष्ट परिणाम होऊ शकतो, अशी सूचना सक्तीची केली. त्या सहांत हे दोन्ही रंग आहेत. तोच रंग, तेच बालवय. एका खंडात त्याच्यापुढे वाक्य लिहिलेले असते आणि निंबोल्यात आकडा. युरोपचे म्हणणे अंतिम सत्य आहे असे मी म्हणत नाही; शास्त्रज्ञांत त्यावर मतभेद आहेत. पण आपल्या आईबापांना तो मतभेद आहे एवढे तरी कळू नये काय?

यावर कोणी म्हणेल, खेड्यातल्या माणसाला रसायनांची नावे सांगून काय उपयोग? त्याला उत्तर निंबोल्याच्या शेतकऱ्याच्या खोपीतच आहे. केळी आणि कापूस पिकवणाऱ्या या जिल्ह्यात कीटकनाशकाची बाटली प्रत्येकाच्या परिचयाची आहे. १९५८ साली केरळात पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेल्या पिठामुळे शंभरावर माणसे दगावली. त्या अनर्थातून चौकशी झाली आणि पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा व १९७१ चे नियम आले. त्यांनी बाटलीवर एक चौकोन आणला. त्याच्या खालच्या त्रिकोणातला लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग विषाची तीव्रता सांगतो. अत्यंत विषारी असेल तर वर कवटी आणि हाडे. आणि बाटलीबरोबरचे माहितीपत्रक त्या प्रदेशात चालणाऱ्या भाषेतही छापावे लागते. लिहिता-वाचता न येणारा गडीसुद्धा लाल त्रिकोण पाहून हात आखडता घेतो. म्हणजे सांगायचे मनात असेल तर सरकारला सांगता येते. पिकावरचे विष शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत बोलते आणि पोटात जाणारे अन्न त्याच्याशी इंग्रजी आकड्यांत बोलते, ही आपल्या व्यवस्थेतील विसंगती आहे. खाद्यपदार्थांच्या बाबतीतही शाकाहाराचा हिरवा ठिपका २००१ साली आला आणि तो वाचायला कोणाला शिकवावे लागले नाही.

मात्र इशारा मोठा आणि स्पष्ट केला की काम झाले, असेही नव्हे. पानमसाल्याच्या पुडीवरची आरोग्यास हानिकारक ही अक्षरे या देशातले बहुतेक खाणारे रोज पाहतात आणि पुडी फाडतात. नुसत्या सूचनेने गुटखा थांबला नाही, तेव्हा १ एप्रिल २०१२ पासून मध्यप्रदेशाने त्याच्या विक्रीवर बंदी घातली. देशात असे करणारे ते पहिले राज्य होते. उलट काही वस्तूंना इशारा चिकटवायला जागाच नसते. बुऱ्हाणपूरचे नाव ज्या केळीने दूरवर नेले, तिच्या घडावर कोणते लेबल लावणार? कार्बाइडने केळी पिकवणे कायद्याने निषिद्ध आहे, कारण कारखानी कार्बाइडमध्ये सोमल आणि फॉस्फरस यांचे अंश असतात. २०१६ पासून त्याऐवजी दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंत इथिलीन वायू वापरण्यास अनुमती आहे. पण पिकलेली केळी यांतल्या कोणत्या मार्गाने आली हे सालीवर लिहिलेले नसते. सुटी वस्तू तेवढी शुद्ध आणि पुडीतली तेवढी घातक, हा आपल्याकडचा जुना समज आहे. त्याला इतिहासात आधार सापडत नाही.

आता त्या पिवळ्या शिशाकडे परत येऊ. १८३१ साली लंडनच्या मिठाईत सापडलेला लेड क्रोमेट २०१९ साली बांगलादेशाच्या हळदीत सापडला. काही वर्षांच्या पुराने हळकुंडे काळवंडली, गिऱ्हाइकाला तर तेजस्वी पिवळा रंग हवा. तेव्हा हळकुंडांना चकाकी देताना हा रंग घासण्याची चाल तेथे पडली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्याची एक संशोधनसंस्था यांच्या संशोधकांनी बाजारातील नमुने तपासले, तेव्हा २०१९ साली ४७ टक्के नमुन्यांत तो आढळला. तेथील अन्नसुरक्षा खात्याने इशाऱ्याची चौकट छापण्यात वेळ घालवला नाही. बाजारात आणि वर्तमानपत्रांत लोकांच्या भाषेत जाहीर सूचना दिल्या, घाऊक बाजारात शिसे ओळखणारे यंत्र घेऊन तपासनीस गेले, दोषी व्यापाऱ्यांना तेथल्या तेथे दंड झाला. २०२१ साली असा एकही नमुना सापडला नाही. एकशे नव्वद वर्षांचे विष दोन वर्षांत हटले. गिऱ्हाइकाच्या भाषेतला इशारा आणि तपासनिसाच्या हातातले यंत्र ही दोन्ही एकत्र आली म्हणूनच हे साधले.

पण तपासणीसुद्धा विश्वासार्ह हवी. २०१५ साली मॅगीच्या शेवयांत अधिक शिसे असल्याच्या आणि 'मोनोसोडियम ग्लुटामेट घातलेले नाही' हा वेष्टनावरचा दावा दिशाभूल करणारा असल्याच्या कारणावरून ५ जूनला देशभर बंदीचा आदेश निघाला. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. ज्या प्रयोगशाळांत तपासणी झाली त्यांना आवश्यक मान्यता नव्हती आणि कंपनीचे म्हणणे ऐकून घेतले गेले नव्हते, असे न्यायालयाने म्हटले. नव्या तपासणीत नमुने उत्तीर्ण झाले. या प्रकरणाने सामान्य माणूस बुचकळ्यात पडला तर नवल नाही. पण त्यातला धडा साधा आहे. प्रयोगशाळा दुबळी असेल तर दोषी सुटतो आणि निर्दोषही अडकतो. दोहोंचे प्रायश्चित्त अखेर खाणारा भोगतो.

तेव्हा ताईच्या प्रश्नाला मी काय उत्तर दिले? मी तिला सांगितले, की कोणती टाकायची हे या पुड्यांची पाठ सांगू शकत नाही. एकीवर इशारा आहे म्हणून तिच्यात शिसे अधिक, असे नव्हे. दुसरीवर नाही म्हणून कमी, असेही नव्हे. लहान मुलांच्या बाबतीत शिशाची अमुक एक मात्रा सुरक्षित, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगत नाही. म्हणून नातीची चिंता खोटी नाही. मुलाला कळव, तिकडे डॉक्टर रक्ताची साधी तपासणी करून शिशाचे प्रमाण सांगू शकतात. इकडच्या पुडीविषयी संशय असेल तर २००६ च्या कायद्याच्या ४० व्या कलमाने तुला एक अधिकार दिला आहे. खरेदीच्या वेळी दुकानदाराला तसे सांगून, फी भरून, कोणाही गिऱ्हाइकाला सरकारी अन्नविश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेता येतो. दोष निघाला तर फी परत मिळते. आणि मग पुडीवरचा जो मजकूर आपण कधी वाचत नाही, म्हणजे बनवणाऱ्याचे नाव, पत्ता आणि घाण्याचा क्रमांक, तोच कामाला येतो. इशारा भीती घालतो. पत्ता मात्र जबाबदाराच्या दारापर्यंत नेतो.

ताईने सगळे ऐकून घेतले. मग गावच्या दुकानातली पुडी हातात घेऊन तिने ती उलटसुलट केली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली आणि मला परत दिली. म्हणाली, "तो पत्ता कुठे लिहिलाय तेवढे दाखव. आणि आपल्या अक्षरात लिहून दे."

मी लिहून दिला. १९५५ सालापासून तो पत्ता पुडीवर छापण्याचे बंधन आहे. ताईच्या अक्षरात तो छापण्याचे बंधन अद्याप व्हायचे आहे.